ती पत्र्याची पेटी मोडीत घालू नका : मराठवाड्यातल्या स्पीकरवाल्यांना खुलं पत्र

मराठवाड्यातल्या तमाम मंडप-लाऊडस्पीकरवाल्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या गोदामात मागच्या भिंतीला, फाटक्या कनातींच्या आणि चेपलेल्या कर्ण्यांच्या खाली, एक पत्र्याची पेटी असेल. वडिलांच्या, नाहीतर आजोबांच्या काळातली. कडीला गंज चढलेला, आत काळ्या रेकॉर्डी. हे पत्र त्या पेटीसाठी आहे.

मी लातुरात राहते. तीस वर्षं शाळेत शिकवून आता घरी असते. माहेर औसा तालुक्यातलं, तेरणा नदीच्या अंगाचं. लहानपणीच्या गाण्यांबद्दल लोक लिहितात तेव्हा घरातला रेडिओ, वडिलांनी शहरातून आणलेला रेकॉर्ड-प्लेअर, कपाटात नीट लावलेल्या तबकड्या असं सगळं त्यात येतं. मला ते वाचायला आवडतं, पण ते माझं लहानपण नाही. आमच्या घरात गाणं वाजवायचं यंत्र पहिल्यांदा आलं तेव्हा मी कॉलेजात होते. त्याआधी जे काही ऐकलं ते लिंबाच्या झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून. कुठलं गाणं लावायचं हे ना माझ्या हातात होतं, ना आईच्या, ना वडिलांच्या. ते ठरवायचा गावचा स्पीकरवाला. म्हणजे तुमच्यातलाच एक. माझ्या पिढीच्या शेकडो गावांचं कान घडवायचं काम तुम्ही केलंत, आणि याची नोंद कुठल्याही पुस्तकात मला सापडली नाही.

आमच्या गावच्या स्पीकरवाल्यांना आम्ही सगळी लेकरं मामा म्हणायचो. त्यांचं सामान म्हणजे दोन कर्णे, एक अहुजाचा अँप्लिफायर, एक रेकॉर्ड फिरवायचं मशीन, एक माईक आणि ती पेटी. गावात वीज आली तरी लग्नाच्या दिवशी ती असेलच याचा भरवसा नसायचा, म्हणून ट्रकची बॅटरी बैलगाडीत घालून आणायची. लग्नघरासमोर गाडी थांबली की मामा आधी खाली उतरायचे ते पेटी घेऊन. बाकी सामान कुणीही उतरवलं तरी चालायचं, पेटीला मात्र दुसऱ्याचा हात लागू द्यायचे नाहीत. मग एक पोरगं लिंबावर चढायचं, काथ्यानं कर्णा आवळायचं, एकाचं तोंड गावाकडे आणि एकाचं शिवाराकडे. शिवाराकडे का, असं मी एकदा विचारलं होतं. मामा म्हणाले, "माय, समदे काय मांडवात येत्यात व्हय? रानात हायेत त्यास्नी बी ऐकू गेलं पायजे की."

ते वाक्य मी आयुष्यभर जवळ ठेवलं आहे, कारण रानातली ती माणसं म्हणजे माझी आई होती. लग्नसराई म्हणजे चैत्र-वैशाख. त्या दिवसांत बायका ज्वारीच्या रानात धसकटं वेचायला जायच्या. भावकीतलं लग्न नसलं की आई मांडवात नसायची, धसकटं वेचत असायची. वारा गावाकडून आला की तिला शब्द ऐकू यायचे, वारा फिरला की नुसता ठेका. अशा तुकड्या-तुकड्यांनी तिनं गाणी पाठ केली. अर्धे शब्द ऐकलेले, अर्धे स्वतःचे घातलेले. पुढे कितीतरी वर्षांनी मी मूळ गाणी नीट ऐकली तेव्हा कळलं, की आईनं जिथं शब्द सुटला तिथं आपल्या भावाचं, आपल्या विहिरीचं, आपल्या म्हशीचं नाव बसवलं होतं. जात्यावरच्या ओव्यांच्या चालीसुद्धा हळूहळू बदलल्या. आजीची ओवी जुन्या चालीत, आईची ओवी रेकॉर्डच्या चालीत. एकाच जात्यावर, एकाच पहाटे. हे गीत-संगीताच्या इतिहासात कुणी मांडलं तर मला फार बरं वाटेल.

आता त्या रेकॉर्डींकडे येते. आमच्या वेळेला पेटीत दोन-तीन पिढ्यांच्या रेकॉर्डी एकत्र असायच्या. सगळ्यांत जुन्या म्हणजे जड, काळ्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. त्या लाखेच्या असतात. झाडावरच्या किड्यापासून मिळणारी लाख, तीत दगडाची भुकटी आणि काजळी घालून थापलेली. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर ही लाख धरते. कलकत्त्याला १९०८ पासून आणि पुढे तिथल्याच डमडमच्या कारखान्यात या रेकॉर्डी छापल्या गेल्या आणि तिथून देशभर गेल्या. आमच्या माळावरचा पळस आणि मामांच्या पेटीतली रेकॉर्ड यांचं असं नातं आहे, हे मला लहानपणी कुणी सांगितलं असतं तर मी शाळेत जाताना प्रत्येक पळसाला हात लावला असता. लाखेची रेकॉर्ड पडली की खापरासारखी फुटायची. नंतरच्या, न फुटणाऱ्या, ४५ फेऱ्यांच्या लहान आणि ३३ फेऱ्यांच्या मोठ्या रेकॉर्डी आल्या तेव्हा मामांनी त्या आम्हाला वाकवून दाखवल्या होत्या. फार थोड्याच वाकवल्या, पण आमचा जीव घशात आला.

दहा इंची जुन्या रेकॉर्डची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपते. याचा अर्थ काय, ते तुम्हीच जाणता. दिवसभराच्या लग्नात स्पीकरवाल्याला दर तीन मिनिटांनी उठून बाजू बदलायची, मशीनला चावी असली तर ती भरायची, पिन बदलायची. लाखेच्या रेकॉर्डला पोलादी पिन लागते आणि एका बाजूला एक पिन वापरावी असं कंपन्या सांगायच्या. आमच्या गावात कुणाला परवडणार? मामा एक पिन पाच-सहा बाजू चालवायचे आणि मग काडेपेटीत जपून ठेवायचे, फेकायचे नाहीत. सगळी पंगत उठायची तरी मामांचं ताट तसंच झाकून ठेवलेलं असायचं. जेवायला त्यांना फक्त मंगलाष्टकांच्या वेळी सवड मिळायची, कारण तेवढा वेळ माईक भटजींकडे असायचा. आणि तेव्हा तर कुणीच जेवत नाही. म्हणून मामा मांडवाच्या मागं, दोन घास उभ्यानं खायचे.

मला सांगायचं आहे ते त्यांच्या क्रमाबद्दल. कारण गाणी मागं-पुढं कुठंतरी मिळतील, तो क्रम कुठेच मिळणार नाही.

पहाटे तांबडं फुटायच्या आधी अभंग. मग सडा-सारवण होईपर्यंत भक्तिगीतं, बायकांच्या आवाजातली. हळदीला उडत्या चालीची. वऱ्हाड वेशीत आलं की एक ठरलेली सनईची रेकॉर्ड, मग वऱ्हाडाला पाणी दिलं जाईपर्यंत हिंदी सिनेमाची गाणी, कारण वऱ्हाडात तरणी पोरं असायची आणि त्यांची फर्माईश नाही पुरवली तर ती मशीनभोवती घोळका करायची. नवरदेव परण्याला, मारुतीच्या देवळाकडे निघाला की रेकॉर्ड बंद, कारण आता वाजंत्रीवाल्यांचा मान. मामा हा मान फार पाळायचे. हलगी आणि सनई जिवंत माणसं वाजवतायत तोवर आपण रेकॉर्ड लावायची नाही, असा त्यांचा दंडक होता. पंगतीला ठसक्याची गाणी, लावण्यासुद्धा. 'सांगत्ये ऐका' हा चित्रपट १९५९ चा, माझ्या जन्माच्याही आधीचा, पण त्यातली आशाबाईंची लावणी आमच्याकडे सत्तरच्या दशकातल्या पंगतींना वाढपी बुंदी घेऊन निघाले की हमखास लागायची. आजही पत्रावळीवर बुंदी पडताना बघितली की माझ्या कानात ढोलकी सुरू होते.

आमच्या गावच्या लोहाराची एक गोष्ट सांगते. 'साधी माणसं' या भालजी पेंढारकरांच्या १९६५ सालच्या चित्रपटात ऐरणीचं आणि भात्याचं गाणं आहे. गावात कुणाचंही लग्न असो, ते गाणं लागलं की लोहारकाका हातातलं काम थांबवून उभे राहायचे. नमस्कार नाही, काही नाही, नुसते उभे. गाणं संपलं की परत कामाला. त्यांच्या घरचं लग्न निघालं तेव्हा मामांनी त्यांना न विचारता दिवसाचं पहिलं गाणं तेच लावलं. त्या गाण्याला चाल देणारे 'आनंदघन' म्हणजे खुद्द लता मंगेशकर, हे मला पुढे शहरात आल्यावर समजलं. लोहारकाकांना ते कधीच समजलं नसेल. पण आपल्या भात्यावर कुणीतरी गाणं लिहिलं, गायलं, रेकॉर्डवर घेतलं आणि ते आपल्या गावच्या लिंबावरून वाजतं, हे त्यांना पुरेपूर कळलेलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात लग्नं झाली ती मुकी. मी तेव्हा सहा वर्षांची. आई खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची ती आठवते. त्या वर्षी कर्णा वाजलेला मला आठवत नाही. मामाही खडी फोडायलाच जायचे.

मग १९७५ साल आलं. त्या वर्षीचे दोन चित्रपट तुमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांना वेगळे सांगायला नकोत. एकीकडे 'जय संतोषी माँ', उषा मंगेशकरांच्या आवाजातल्या आरत्या. त्या लागल्या की आमच्या आत्या चपला काढून उभ्या राहायच्या. दुसरीकडे 'शोले'. त्याच्या गाण्यांइतकीच त्याच्या संवादांची रेकॉर्ड गाजली. पॉलिडोर कंपनीनं काढलेली ती रेकॉर्ड गणपतीच्या मांडवात लागायची आणि माझे भाऊ चित्रपट बघायच्या दोन वर्षं आधीच तो पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत म्हणायचे. नुसत्या आवाजावरून त्यांनी गब्बरचा चेहरा मनात बांधला होता. लातूरला टॉकीजमध्ये शेवटी बघितला तेव्हा धाकटा म्हणाला, "ह्यो त्यो न्हाई." त्याच्या कानातला गब्बर मोठा होता.

आणि जयंती. १४ एप्रिलला मामांची पेटी भीमनगरात असायची. वामनदादा कर्डकांची गाणी, प्रल्हाद शिंदे यांचा आवाज. मला इथं थोडं थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण मी ती माझ्या डोळ्यांनी बघितली आहे. प्रल्हाद शिंदे यांनी विठ्ठलाची गाणी गायली, बाबासाहेबांची गायली आणि कव्वाल्याही गायल्या. आषाढीला तो आवाज आमच्या विठ्ठल मंदिरावरच्या कर्ण्यातून यायचा, जयंतीला भीमनगरातून आणि उरुसाला दर्ग्याच्या चौथऱ्यावरून. माणसं एकमेकांच्या वस्तीत फारशी जात नव्हती. हे मी गोड करून सांगणार नाही. पाणवठे वेगळे होते, पंगती वेगळ्या होत्या. पण पेटी मात्र तीच, मामा तेच, आवाज तोच, आणि कर्ण्याचं तोंड शिवाराकडे असल्यामुळे सगळ्यांना सगळं ऐकू जायचं. भीमनगरातलं गाणं आईला पाठ होतं. कुठून पाठ झालं, असं तिला कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. धसकटं वेचताना ती ते म्हणायची.

तुमच्या पेट्यांमध्ये हे सगळं एकावर एक आहे. अभंगावर कव्वाली, कव्वालीवर लावणी, लावणीवर भीमगीत. कुठल्याही संग्रहालयात हे वेगवेगळ्या कपाटांत गेलं असतं. तुमच्या पेटीत ते गावाप्रमाणे राहिलं. किंबहुना गाव जसं राहायला हवं होतं तसं राहिलं.

आता जे लिहायचं आहे ते जड आहे.

२९ सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशी. तोवर कॅसेटींचा जमाना पक्का झाला होता आणि मामाही कॅसेटीच लावायचे. पण नदीपलीकडच्या एका गावची म्हातारी मंडळी गणपतीला हट्टानं रेकॉर्डी मागायची, म्हणून मामा दरवर्षी त्या गावाला पेटी घेऊन जायचे. विसर्जन आटोपायला रात्र झाली. सामान सकाळी नेऊ म्हणून त्यांनी पेटी आणि अँप्लिफायर तिथंच एका घरी, माळवदाखाली ठेवलं आणि सायकलवर परत आले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला.

त्या पहाटेबद्दल मी जास्त लिहिणार नाही. आमच्या गावात भिंती पडल्या, माणसं वाचली. किल्लारीच्या बाजूची गावंच्या गावं गेली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद, तेच झोपलेल्या माणसांवर आलं. आदल्या रात्री ज्यांनी फर्माईश करून गाणी ऐकली होती, त्यातले कितीतरी सकाळी नव्हते. मामा दुसऱ्या दिवशी तिथं गेले ते ढिगारा उपसायला. आठवडाभर उपसत होते. पेटीची चौकशी त्यांनी केली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. ज्या घरात पेटी ठेवली होती त्या घरातलं कुणी उरलं नव्हतं, आणि तिथं जाऊन आपल्या रेकॉर्डी मागणं त्यांच्या जिवाला पटलंच नाही. आम्हीही कधी तो विषय काढला नाही.

पुढच्या संक्रांतीला, १४ जानेवारी १९९४ ला, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्याला बाबासाहेबांचं नाव लागलं. भीमनगरातल्या पोरांनी कुणाचा तरी अँप्लिफायर मागून आणला आणि मामांच्या दाराशी आले. म्हणाले, वाजवायला तुम्हीच पाहिजेत. भूकंपानंतर मामांनी हातात माईक घेतला तो त्या दिवशी. गावात अजून पत्र्याच्या शेडमध्ये माणसं राहत होती. कर्णा बांधायला लिंब तेवढा जागेवर होता.

२००८ साली मामा अंथरुणाला खिळले होते. मी एक शंभरपानी वही घेऊन त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, मामा, पेटीत काय काय होतं? मला वाटलं होतं, दहा-वीस नावं सांगतील. त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हातांची बोटं हवेत अशी हलवायला लागले, जशी पेटीतली खाकी पाकिटं चाळतायत. "एकशे अकरा," ते म्हणाले. मग एकेक काढायला लागले. गाण्याचं नाव आठवलं नाही तर लेबलचा रंग सांगायचे. लेबल आठवलं नाही तर चरा कुठं होता ते सांगायचे: "दुसऱ्या कडव्याला पिन उडायची, तवा मी बोट लावायचो." कुठलं गाणं कुणी भेट दिलं, कुठलं कुठल्या जत्रेत घेतलं, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किती रेकॉर्डी घेतल्या, सगळं. पाकिटांवर पेन्सिलीनं काय लिहिलेलं होतं तेही: हळद, पंगत, परण्या, वाटे लावणं. चार दुपारी आम्ही बसलो. चौसष्ट रेकॉर्डी वहीत उतरल्या. पाचव्या दुपारी त्यांना दम लागला. उरलेल्या सत्तेचाळीस त्यांच्याबरोबर गेल्या.

म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी भंगाराच्या दुकानाबाहेर मी अशीच एक पेटी बघितली. पेटीचा पत्रा वजनावर गेला होता. प्लॅस्टिकच्या रेकॉर्डी बाजूला काढल्या होत्या; त्या कुणीतरी घड्याळं करायला नेणार होतं. लाखेच्या रेकॉर्डींना भंगारात भाव नाही. त्या नालीच्या कडेला ओतल्या होत्या आणि निम्म्या फुटल्या होत्या. एका फुटक्या पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'पंगत'. अक्षर मामांचं नव्हतं, पण शब्द तोच होता. म्हणजे त्या गावातही कुणीतरी पाकिटावर लिहून ठेवत होतं. मी त्या मालकाच्या मुलाला भेटले. चांगला मुलगा आहे, मला चहा पाजला. म्हणाला, "बाई, समदं मोबाईलवर मिळतंय की आता."

त्याला मी तिथं नीट उत्तर देऊ शकले नाही, ते इथं देते. बाळा, गाजलेली गाणी मिळतात, हे खरं. पण लहान कंपन्यांनी काढलेली भारुडं, गोंधळ, शाहिरांचे पोवाडे, जत्रेत विकलेली देवीची गाणी, एकदाच छापून संपलेल्या कव्वाल्या आणि भीमगीतं, यातलं बरंचसं अजून कुणी उतरवलेलंच नाही. कधी कधी एखाद्या गाण्याची उरलेली प्रत अशाच एखाद्या मंडपवाल्याच्या पेटीत असते. आणि जे गाणं मोबाईलवर मिळतं, त्यासोबत 'पंगत' हा शब्द मिळत नाही. कुठल्या गावानं ते कधी, कुणाच्या मांडवात, कशासाठी ऐकलं, ते फक्त त्या पाकिटावर आणि तुझ्या वडिलांच्या डोक्यात आहे.

तुम्हा सगळ्यांना माझी पहिली विनंती तीच आहे, आणि तिला पैसा लागत नाही. वडील, आजोबा, काका, जो कुणी पेटी वाजवायचा तो अजून असेल तर त्याच्यापाशी वही घेऊन बसा. या लग्नसराईच्या आधी बसा. नंतर म्हणू नका. रेकॉर्डचं नाव, लेबलवरचा क्रमांक, गाणाऱ्याचं नाव, आणि ती कधी लावायचो, एवढं लिहा. फोनवर त्यांचा आवाज घेतला तर आणखी बरं. त्यांची बोटं हलतील, तीही बघून ठेवा.

मग पेटी उघडा. रेकॉर्डी आडव्या एकावर एक रचलेल्या असतील तर उभ्या करा, पुस्तकं ठेवतो तशा. आडव्या थप्पीत खालच्या दबतात आणि तडकतात. पत्र्याच्या गोदामात ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याखाली त्याहूनही जास्त तापतं. प्लॅस्टिकच्या रेकॉर्डी त्यात वाकतात, घरातल्या आतल्या खोलीत मात्र नीट राहतात. बुरशी आली असेल तर मऊ सुती कापड किंचित ओलं करून गोल पुसा, लगेच कोरडी करा. आणि हे मात्र लक्षात ठेवा: लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, गाणंच पुसलं जाईल. पाकिटं फाटली असतील तरी टाकू नका. पेन्सिलीचं लिहिलेलं त्यांच्यावरच आहे.

वाजवून बघायचा मोह होईल. जुन्या मशीनवर, गंजलेल्या पिनवर नका लावू. बाजारात मिळणारे नवे स्वस्त प्लेअरही ७८ च्या रेकॉर्डला बहुधा चालत नाहीत. ७८ च्या खाचा मोठ्या, तिला लागणारी सुई ३३ च्या सुईच्या जवळपास तिप्पट रुंद. बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन नुसती खरखर काढते. ज्यांना हे काम येतं अशांकडून गाणी उतरवून घ्या. मुंबईत १९९० पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांची संस्था आहे, तिच्यासारख्या जाणकारांना विचारता येईल. कायद्याची भीती वाटत असेल तर एवढं सांगते: आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. गीतकार-संगीतकारांचे हक्क वेगळे आणि जास्त काळ टिकणारे, म्हणून उतरवलेलं लगेच जगभर पसरवायची घाई करू नका. आधी ते वाचू तर द्या.

पेटी ठेवायला जागाच नसेल, मुलांना त्यात रस नसेल, तर विकू नका असंही मी म्हणणार नाही. धंदा तुमचा आहे, जागेचं भाडं तुम्ही भरता. पण भंगारवाल्याच्या आधी गावातल्या शाळेला, तालुक्याच्या वाचनालयाला, नाहीतर एखाद्या संग्राहकाला विचारा. आणि कुणालाही दिलीत तरी यादी करून द्या, म्हणजे पेटी कुठल्या गावची होती हे तिच्यासोबत जाईल.

शेवटी एक माझं स्वतःचं मागणं.

मामांनी सांगितलेल्या चौसष्ट रेकॉर्डींतल्या एकीपुढे माझ्या वहीत नाव नाही. मुलगी वाटे लावताना लावायची ती रुळलेली गाणी सगळ्यांना माहीत आहेत, ती वहीत आहेत. ही त्यांच्या नंतरची. बैलगाडी वेस ओलांडून दिसेनाशी झाली, बायका डोळे पुसत घराकडे वळल्या, मांडवात फक्त मुलीची आई उरली, की मामा ही लावायचे. रोज नाही, प्रत्येक लग्नात नाही. "मायला बघून ठरवायचो," ते म्हणाले. माझं लग्न झालं तेव्हा मी गाडीत होते, तोंड झाकलेलं होतं, पण वेशीपलीकडे गेल्यावरही मला ते ऐकू आलं, कारण एका कर्ण्याचं तोंड शिवाराकडे होतं. सुरुवातीला नुसती सनई, फार लांबवलेली. मग एका बाईचा आवाज, वयानं मोठ्या बाईचा. मराठीच. शब्द वाऱ्यानं नेले. मामांना एवढंच आठवत होतं की लेबल लाल होतं, ७८ ची होती, आणि पहिल्याच फेऱ्याला एक टक् असा आवाज यायचा, कारण कडेला टवका उडालेला होता. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला कुठलं ऐकू येतंय तवा."

तुमच्यापैकी कुणाच्या पेटीत अशी रेकॉर्ड असेल, तर फुटू देऊ नका. मला कळवा. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावाला मी येईन.

आपली,
औसा तालुक्यातली एक माहेरवाशीण, मुक्काम लातूर